नव्या नगराध्यक्षांचं पदग्रहण आणि गावाचा सत्कार: मंडळाने काय करावं, काय टाळावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तीस हजार वस्तीचं गाव, नगराध्यक्षपद महिलेसाठी राखीव, आणि तुमच्याच प्रभागातल्या ताई थेट जनतेतून निवडून आल्या. मित्रमंडळाला त्यांचा ‘शपथविधी व भव्य नागरी सत्कार’ एकाच दिवशी नगरपरिषदेच्या आवारात करायचा आहे. मिरवणूक, डीजे, जेसीबीतून फुलं, संध्याकाळी जेवण, आणि मंडपाचा खर्च जमल्यास नगरपरिषदेने उचलावा. या यादीत काय राहिलं, असं तुम्ही विचारलंत.

मी नगरपरिषदांमध्ये एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची नऊ कार्यालय अधीक्षक म्हणून. नगराध्यक्षांच्या पदग्रहणाची तयारी आठ वेळा माझ्या हातून झाली. त्या अनुभवावरून सांगतो, यादीत काही राहिलेलं नाही, पण तिच्यात तीन वेगवेगळे कार्यक्रम एकात एक मिसळले आहेत. एक कार्यालयाचा, एक गावाचा आणि एक निवडणूक जिंकलेल्या कार्यकर्त्यांचा. तिघांचे यजमान वेगळे आहेत, पैसा वेगळा आहे आणि येणारी माणसंही वेगळी आहेत. ते वेगळे केलेत की तुमच्या निम्म्या अडचणी आपोआप सुटतील.

आधी शब्दाचं. पत्रिकेवर ‘शपथविधी’ छापू नका. मंत्र्यांना राज्यपाल शपथ देतात, तसा प्रकार आपल्याकडे नाही. मी पाहिलेली सगळी पदग्रहणं पदभार स्वीकारण्याच्या कागदावर सही करूनच झाली. ताईंना लोकांसमोर स्वतःहून चार ओळींची प्रतिज्ञा करावीशी वाटली तर जरूर करू द्या, ऐकायला चांगली वाटते. पण पत्रिकेवर ‘पदग्रहण समारंभ’ एवढंच असू द्या.

तारीख तुम्ही ठरवू नका. निवडून आल्याचं प्रमाणपत्र हातात पडलं म्हणजे दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसता येतं असं नाही, मधे राजपत्रात नाव प्रसिद्ध होण्यासारख्या पायऱ्या असतात. गेली काही वर्षं बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक होते, म्हणजे तुमच्याकडेही कारभार त्यांच्याकडून ताईंकडे यायचा असेल. म्हणून मुख्याधिकाऱ्यांना भेटा, दिवस आणि वेळ त्यांच्याकडून पक्की करून घ्या, आणि त्यानंतरच छापखान्यात जा. जिल्ह्यात दुसरी एखादी निवडणूक जाहीर झाली असेल तर आचारसंहितेचा प्रश्न येतो. ते तहसील कार्यालयात विचारून घ्या. उपनगराध्यक्ष आणि स्वीकृत सदस्य निवडायची सभा हा आणखी वेगळा विषय आहे, तिची सांगड सत्काराशी घालू नका. मुहूर्त बघायचा असेल तर बघा, फक्त कार्यालयीन वेळेतला बघा.

कार्यालयातला कार्यक्रम जितका छोटा तितका चांगला. सकाळी साडेदहा-अकराला ताई येतात, मुख्याधिकारी स्वागत करतात, सही होते, खातेप्रमुखांची ओळख होते, चहा होतो. पाऊण तासात संपतो. त्या दालनात वीस माणसं जेमतेम मावतात आणि तुमच्या मंडळाचे दोनशे कार्यकर्ते जिन्यात उभे राहिले तर दाखल्यासाठी आलेली म्हातारी माणसं खालीच अडकतात. एका गावात मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. पहिल्याच दिवशी नगराध्यक्षांमुळे जन्माचा दाखला मिळाला नाही, ही आठवण लोक वर्षानुवर्षं सांगत राहिले. मंडळाचे पाच जण आत जा, बाकीच्यांना संध्याकाळी बोलवा. पूजा करायची असेल तर ती पहाटे ताईंच्या घरी करा, दालनात नको. त्या खुर्चीसमोर उद्या गावातला प्रत्येक धर्माचा, प्रत्येक जातीचा माणूस अर्ज घेऊन उभा राहणार आहे.

एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. ताईंच्या खुर्चीत ताईंनीच बसायचं. हे लिहावं लागतं कारण महिला राखीव जागांवर पहिल्या दिवशी नवरा, दीर किंवा मुलगा शेजारी खुर्ची ओढून बसतो, फोटोत तोच मधे येतो, आणि त्या दिवसापासून कर्मचारी फाइल कोणाकडे न्यायची ते शिकतात. कर्मचाऱ्यांचा त्यात दोष नसतो. शिपायापासून अभियंत्यापर्यंत सगळे पहिल्या तासात अंदाज घेत असतात की इथे शब्द कोणाचा चालणार. घरच्यांना समोर पहिल्या रांगेत मानाने बसवा, मंचावरून त्यांचा उल्लेख करा, ओवाळायला घरच्या बायका असू द्या. पण व्यासपीठावरची आणि दालनातली खुर्ची ताईंची एकटीची. पत्रिकेवर नावही निवडणुकीच्या प्रमाणपत्रावर आहे तसंच छापा.

आता पैशाचं, कारण तुमच्या प्रश्नात खरा धोका तिथे आहे. नगरपरिषदेने चहापाणी आणि दोन पुष्पगुच्छ द्यावेत, त्यापलीकडे एक रुपयाही मागू नका. स्थानिक निधी लेखापरीक्षण दरवर्षी होतं आणि असे खर्च हमखास आक्षेपात निघतात. आम्ही एकदा वरून आलेल्या आग्रहापोटी मंडप आणि ध्वनिक्षेपकाचं बिल नगरपरिषदेतून काढलं. तीन वर्षांनी त्यावर वसुलीचा शेरा आला. तेव्हा सही करणारे अधिकारी बदलून गेले होते, नगराध्यक्षही माजी झाले होते, आणि खुलासे लिहीत बसलो आम्ही दोन कारकून.

नियमापेक्षाही मला यात एक जुनी गोष्ट मोठी वाटते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार होते. त्यांच्या स्वागतासाठी पुणे नगरपालिकेने हजार रुपये खर्च करावेत असा प्रस्ताव आला. महात्मा जोतीराव फुले तेव्हा नगरपालिकेचे सरकारनियुक्त सदस्य होते. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांनी सांगितलं आणि प्रस्तावाच्या विरोधात एकट्याने मत दिलं. ज्या सरकारने नेमलं त्याच सरकारच्या सर्वांत मोठ्या अधिकाऱ्याच्या स्वागताला विरोध, तोही सभागृहात. नगरपालिकेच्या पैशाने सोहळा करावा का, या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे तेव्हाच देऊन झालेलं आहे.

मग पैसा आणायचा कुठून? वर्गणीतून, आणि ती छोटी घ्या. पन्नास-शंभर रुपये, पावतीवर, जास्तीत जास्त घरांतून. मंडळाची नोंदणी नसेल तर जाहीर वर्गणीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते, ती आधी काढा. आणि नगरपरिषदेत ज्याचं काम चालू आहे किंवा ज्याला मिळवायचं आहे अशा कुठल्याही ठेकेदाराकडून पैसा, मंडप, जेवण, फुलं काहीही घेऊ नका. तो प्रेमाने देईल, ‘माझ्याकडून ताईंना भेट’ म्हणेल. मी ज्या गावात होतो तिथे एका सत्काराचं सगळं जेवण असं आलं होतं. दीड महिन्याने तोच माणूस अर्धवट गटाराचं पूर्ण बिल घेऊन दालनात बसला. नगराध्यक्ष मनाने स्वच्छ माणूस होता. त्याला ‘नाही’ म्हणता आलं नाही, कारण समोरच्याने काहीच मागितलं नव्हतं, फक्त त्या संध्याकाळची आठवण काढली होती. त्या गटाराचं पाणी अजून रस्त्यावर येतं.

अशा वेळी ताईंना माहीतही नसतं की मंडळाने कोणाकडून काय घेतलं. म्हणून ही जबाबदारी तुमची आहे. खर्च कितीही छोटा असो, जमा-खर्चाचा कागद कार्यक्रमानंतर आठ दिवसांत चौकातल्या फलकावर लावा. आणि ताईंना आठवण करा, निकालापासून तीस दिवसांत निवडणूक खर्चाचा हिशेब सादर करायचा असतो. हारतुऱ्यांच्या धामधुमीत तो राहून गेला तर अपात्रतेपर्यंत गोष्ट जाऊ शकते.

आता संध्याकाळ. हा गावाचा कार्यक्रम, आणि माझ्या मते तुमच्या मंडळाने जीव ओतावा तो इथे.

गावाचा म्हणजे ज्यांनी मत दिलं नाही त्यांचाही. थेट निवडणुकीत हे जास्तच महत्त्वाचं ठरतं. आपल्याकडे हा कायदा पुन्हा पुन्हा बदलला. २००१ ला नगराध्यक्ष थेट निवडले गेले, पुढे नगरसेवकांमधून, २०१६ ला पुन्हा थेट, २०२० ला परत नगरसेवकांमधून आणि २०२२ च्या बदलानंतर परत थेट. थेट निवडणुकीत नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं, असं सहज होतं. २००१ नंतर आमच्याकडे तसंच झालं होतं. विजयाच्या मिरवणुकीत हरलेल्या उमेदवाराच्या दारासमोर मुद्दाम वीस मिनिटं ढोल वाजवला गेला. नवे नगराध्यक्ष उघड्या जीपमध्ये उभे होते आणि त्यांनी थांबवलं नाही. पुढे पाणीपुरवठ्याच्या साध्या दुरुस्तीचा विषयही सभेत पाच-पाच महिने अडकायचा. विरोधक कारणं तांत्रिक सांगायचे, पण गावात सगळ्यांना माहीत होतं की तो ढोल अजून वाजतोय.

म्हणून दोन कामं करा. मिरवणूक काढायचीच असेल तर ती निकालाच्या दिवशी झाली तेवढी पुरे समजा, सत्काराच्या दिवशी नको. दुसरं, हरलेल्या उमेदवारांना आणि विरोधी नगरसेवकांना पत्रिका मोबाइलवर पाठवू नका. घरी जा. दोघांनी जायचं, त्यातला एक वयाने मोठा आणि दोन्ही घरांत ऊठबस असलेला. ‘आपला गावाचा कार्यक्रम आहे, तुम्ही यायलाच हवं’ एवढंच बोलायचं, निवडणुकीचा विषय काढायचा नाही. काही जण येणार नाहीत. जे येतील त्यांना पहिल्या रांगेत नाव लावलेली खुर्ची असू द्या. स्वतः ताई गेल्या तर उत्तमच, पण ते संबंध कसे आहेत त्यावर अवलंबून आहे. प्रचारात जिथे फार कडवटपणा झाला तिथे मी आधी मधला माणूस पाठवायला सांगतो.

पत्रिकेत निमंत्रक ‘समस्त नागरिक’. फोटो एकही नको. फोटो आला की कोणाचा वर, कोणाचा खाली, कोणाचा मोठा हे सुरू होतं आणि पत्रिका तीन वेळा छापावी लागते. मंचावर पाच खुर्च्या ठेवा. ताई, अध्यक्षस्थानी गावातलं एखादं सर्वमान्य वडीलधारं माणूस (निवृत्त शिक्षिका असतील तर फार छान), मुख्याधिकारी, आणि दोन नागरिक. आमदार-खासदारांना बोलवायचं का? हा कार्यक्रम नागरिकांचा असल्याने तुम्हाला मोकळीक आहे. बोलावलंत तर सगळ्या पक्षांच्या लोकप्रतिनिधींना बोलवा, नाहीतर कोणालाच नको. त्यांच्या वेळेसाठी कार्यक्रम अडवून धरू नका. साडेपाच म्हणजे साडेपाच.

पुतळ्यांना हार घालायचा असेल तर आदल्या दिवशी फेरी मारून या. छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा फुले, डॉ. बाबासाहेब आंबेडकर, अण्णा भाऊ साठे, आणखी तुमच्या गावात जे असतील ते सगळे कागदावर लिहा. एक राहिला की त्या समाजाच्या मनाला लागतं, आणि ते लागणं बरोबरच असतं. शिडी बरोबर घ्या. उंच चौथऱ्यापाशी पोचल्यावर शिडी शोधायला लोक धावतात आणि साडी नेसलेल्या ताई ट्रॅक्टरच्या बोनेटवर चढतात, हे मी पाहिलं आहे. ते धोक्याचं आहे आणि त्यांच्या पदाला शोभणारंही नाही.

डीजे नको. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा आहे, दवाखाना, शाळा, न्यायालयाच्या भोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र असतं, आणि रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. डीजेची भिंत यात बसतच नाही. साध्या ध्वनिक्षेपकासाठीही पोलिस ठाण्याची परवानगी घ्या. गावातल्या भजनी मंडळाचे टाळ-मृदंग किंवा शाळेचं लेझीम पथक बोलवा, मुलांना मात्र उन्हात ताटकळत ठेवू नका. फ्लेक्सही नकोत. विनापरवाना फलक उतरवणं हे नगरपरिषदेचं काम आहे, आणि ज्यांच्या नावाचा फ्लेक्स बेकायदा खांबावर लटकतोय त्यांनीच उद्या दुसऱ्याचा उतरवायचा आदेश कसा द्यायचा? आमच्या अतिक्रमण पथकातल्या मुलांना दुकानदार हेच तोंडावर विचारायचे.

जेसीबीतून फुलं उधळायचा विचार मात्र पूर्ण सोडून द्या. ती फुलं पायदळी जातात, पाणी पडलं की रस्ता निसरडा होतो, आणि ती पहाटे कोण उचलतं याचा विचार करा. निकालाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी मुकादमाबरोबर मुख्य चौकात उभा होतो. गुलाल, फटाक्यांचा कागद, झेंडूचा चिखल, प्लास्टिकचे पेले. सहा बायका वाकून ते भरत होत्या. त्यातल्या एकीला मी विचारलं, काल मिरवणुकीला आला होतात का? ती म्हणाली, ‘आमची पाळी आजच असते साहेब.’

तेव्हापासून मी प्रत्येक मंडळाला सांगत आलो, पहिला सत्कार ताईंचा करू नका. ताईंच्या हस्ते गावाच्या माणसांचा करा. सफाई कामगार, घंटागाडीवाले, रात्री-अपरात्री पाणी सोडणारे व्हॉल्व्हमन, स्मशानभूमीत काम करणारे, दिवाबत्तीचे वायरमन. शाल आणि नारळ, नाव पूर्ण घ्यायचं, आडनावासह. एका गावात हे केलं तेव्हा एक व्हॉल्व्हमन मंचावर आला आणि त्याला हात कुठे ठेवायचे कळेना, बावीस वर्षांच्या नोकरीत त्याचं नाव माइकवरून कोणी घेतलं नव्हतं. समोर त्याची बायको रडत होती. त्यानंतर त्या नगराध्यक्षांना पाण्याची खरी अडचण कुठे आहे हे आधी त्या व्हॉल्व्हमनकडून कळायचं, फाइल नंतर यायची.

मग ताईंचा सत्कार. हार एकच, गावाचा. बाकीच्यांनी हारांऐवजी वह्या आणाव्यात असं पत्रिकेत लिहा. लोक खरोखर आणतात. त्या नगरपरिषदेच्या शाळेला जाऊ द्या. मानपत्र दीडशे शब्दांपेक्षा मोठं नको, आणि त्यात ‘विकासपुरुष’ किंवा ‘रणरागिणी’ छाप विशेषणं नकोत. ताई पूर्वी काय करत होत्या, गाव त्यांना कशामुळे ओळखतं, एवढं लिहा. भाषणं तीन. ताईंच्या भाषणासाठी माझी एक विनंती त्यांच्यापर्यंत पोचवा: आश्वासनांची यादी न देता आठवड्यातून कोणत्या दिवशी, किती वाजता त्या दालनात नागरिकांना भेटतील ते जाहीर करा. मी पाहिलेल्या भाषणांपैकी लोकांनी घरी जाऊन लक्षात ठेवलेलं वाक्य हेच होतं, ‘सोमवार आणि गुरुवार, अकरा ते एक.’

जेवण ठेवू नका, अल्पोपाहार ठेवा. जेवणाला हजार माणूस येतं आणि अन्न कमी पडलं की सगळा कार्यक्रम त्यावरून ओळखला जातो. चारशे माणसांना तीस किलो पोहे, एका किलोत बारा ते पंधरा बशा होतात. छोट्या कपाने चहा धरला तर लिटरला पंधरा कप, म्हणजे एका फेरीला सत्तावीस-अठ्ठावीस लिटर. लोक दोनदा घेतात हे धरून चाला. बचत गटाच्या महिलांना काम द्या, आगाऊ निम्मे पैसे देऊन. पेले प्लास्टिकचे नकोत.

सुरुवात राज्यगीताने, शेवट राष्ट्रगीताने. दीड तासात संपवा. जागा नगरपरिषदेच्या शाळेचं मैदान घेणार असाल तर मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्या, भाडं असेल तर भरून पावती घ्या, फुकट मागू नका. आणि त्याच रात्री मंडळाच्या मुलांनी झाडू हातात घेऊन मैदान स्वच्छ करा, खुर्च्या उचला, खड्डे बुजवा. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिथे परिपाठ असतो, आणि सफाईच्या बायकांना त्या पहाटे नेहमीच्याच रस्त्यावर जाता आलं पाहिजे.

पत्रिकेचा मसुदा झाला की इथे टाका, छापण्यापूर्वी एकदा नजर घालतो.